सुमीच्या अंगातलं वारं

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचा सुमार असेल. माझी थोरली लेक सुमी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि कुरवंड्यात माणसं तिच्या पाया पडायला यायची. कुणाला हसू येईल, पण नवरात्राच्या आरतीत ढोल वाजत असताना ती पहिल्यांदा डोळे फिरवून कोसळली आणि थोड्या वेळाने लालबुंद होऊन उठली, तेव्हा सगळ्या गावाने ठरवून टाकलं, कार्ल्याची एकवीरा आई पोरीच्या अंगात आली. मलाही तसंच वाटलं. ज्या बायका एरवी माझ्या तोंडाळपणाला नाकं मुरडायच्या, त्याच हळदीकुंकू घेऊन माझ्या दारात ताटकळू लागल्या. ते मला आवडत नव्हतं असं म्हटलं तर जीभ झडेल माझी.

मग ढोल नसतानाही वारं येऊ लागलं. विहिरीवर आलं, भाताच्या खाचरात आलं. एक दिवस लोणावळ्याच्या शाळेत सुमी फळ्यासमोरच पडली. मास्तर परगावचे, त्यांनी पाया पडायच्या ऐवजी डॉक्टर बोलावला. डॉक्टरांनी तिची नाडी धरली आणि बराच वेळ धरूनच बसले. त्यांनी आम्हाला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की काळजाच्या वरच्या भागाकडून खाली जाणारा इशारा हिच्यात मध्येच अडतो. त्यामुळे ठोके फार सावकाश पडतात, मध्येच थांबतात, आणि थांबले की ती कोसळते. पेसमेकर नावाची बॅटरीची डबी कातडीखाली बसवली, तर ती ठोके चालू ठेवील. ती परदेशातून यायची, काही वर्षांनी बदलावी लागायची, आणि एवढ्या लहान मुलीला बसवण्यात धोका होताच. नाही बसवली, तर एखाद्या वेळी पडलेली पोर उठणारच नाही. लवकर ठरवा, म्हणाले.

ठरवायचं कसं? माझ्या सासऱ्यांना, आबांना, बॅटरी माहीत होती ती विजेरीतली, चार दिवसांत मंद होणारी. पण त्यांची खरी भीती वेगळीच होती. ज्याच्या अंगात देवी येते त्याला आमच्याकडे देवीचं झाड म्हणतात. आबा म्हणाले, "झाडावर कुऱ्हाड चालवायची व्हय? यंत्र बसलं की आई जाईल निघून, अन् जाताना पोरीलाबी नेईल." आमचे हे जन्माचे मुखदुर्बळ, वडिलांपुढे तर त्यांना कंठच नाही. माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. डबी बसवावी तर देवीचा कोप, न बसवावी तर डॉक्टरांचे शब्द. रात्रंदिवस मी तिच्या छातीला कान लावायची, आणि एका ठोक्यानंतर दुसरा येईपर्यंत माझाच जीव अडकून राहायचा. शेवटी मीच म्हटलं, जिची पोर म्हणता, तिलाच विचारू.

मंगळवारी आम्ही कार्ल्याला गेलो. सुमीला चढू द्यायचं नव्हतं, म्हणून ह्यांनी तिला पाठुंगळी घेतलं. वर देवळापुढच्या रांगेत तिला खाली ठेवलं आणि तेवढ्यात ती कोसळलीच. समोर कुणाची तरी मंडळी ढोल घेऊन आली होती. "आई आली, आई आली!" असा एकच गजर झाला. कुंकू उधळलं, ढोल दुप्पट जोराने वाजू लागले, आबांनी हात जोडले. मी तिच्याकडे जाऊ पाहत होते, पण बायकांनी मला धरून ठेवलं. आईला हात लावू नये म्हणे. माझ्या लेकीचे ओठ निळे पडत होते आणि लोक तिला नवस सांगत होते.

त्या गर्दीतून एक म्हातारी पुढे घुसली. कपाळभर मळवट, केस सुटलेले, अंग घामाने थबथबलेलं. नुकतंच तिचं स्वतःचं वारं उतरलेलं दिसत होतं, म्हणून लोकांनी तिला वाट दिली. तिने सुमीच्या छातीवर हात ठेवला आणि ओरडली, "बंद करा ते वाजप! माझ्या अंगात आई येती, मला ठावं हाय. ती आली की अंग इस्तवावानी तापतं, चार गड्यांस्नी आवरत न्हाई. ही पोर गार पडलीया. ही आई न्हाई, आईचं लेकरू हाय. सरका मागं!"

ढोल थांबले. मी सुमीला मांडीवर घेतलं. किती वेळ गेला कोण जाणे, तिचा चेहरा पुन्हा लाल झाला, डोळे उघडले. मी विचारलं, "काय झालतं गं?" ती माझ्या पदरात तोंड खुपसून म्हणाली, "आई, मी देवी न्हाई गं. डोळ्यांपुढं अंधारी येती, वाटतं आता मरती. मला लय भ्या वाटतं. पण समदी पाया पडत्यात, मग सांगू कसं?"

एवढे दिवस माझी पोर मरणाला भीत होती, आणि आम्ही सगळे तिच्या पायांशी होतो. आबा जवळ आले. वर्षभर तिच्यापुढे वाकणाऱ्या त्या माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "चल बाय, दवाखान्यात." मी म्हातारीच्या पाया पडायला गेले, तर ती मंडपाच्या कडेला मिश्री लावत बसली होती. "माझ्या कसल्या पडतीस, तिला सावलीला ने," म्हणाली. तिचं नाव-गाव विचारायचं राहून गेलं.

ती देवीने धाडली का, हा वाद मी कुणाशी घालत नाही. तिच्याच भक्ताच्या तोंडून आल्याशिवाय आबांना ते पटलं नसतं, एवढं मात्र खरं. डबी बसवायच्या दिवशी सुमीचा हात माझ्या हातातून सुटला आणि दार लागलं. नेहमी मी देवीकडे काही ना काही मागायची. त्या दिवशी पोरगी तिच्या हवाली केली आणि पोरीमुळे मिळालेला मानही सोडून दिला. एवढंच म्हटलं, "आई, माझ्या लेकीच्या अंगात येऊ नकोस. तिच्याजवळ बस."

संध्याकाळी त्यांनी मला आत सोडलं. मी तिच्या छातीला कान लावला. एका ठोक्यामागून दुसरा येत होता, मला वाट बघावी लागली नाही.