संथ मशीनचं कारण
मोगऱ्याच्या रूम फ्रेशनरचा वास आला की मला बोरगाव मेघेजवळच्या आमच्या कॉलेजची नवी संगणक प्रयोगशाळा आठवते. पाहुणे उद्घाटनाला येणार म्हणून ती सुगंधित केली होती, झालरी लावल्या होत्या. नीट चालती करायचं तेवढं राहिलं होतं. एकाच मोठ्या सर्व्हरवर, त्याची मेमरी वाटून घेत, सगळी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालणार होती आणि त्यांचं सॉफ्टवेअर बीटा, म्हणजे अजून चाचणीतलं, म्हणून फुकट होतं. उद्घाटनाच्याच दिवशी तिथे माझ्या विद्यार्थिनींची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि माउस हलवला की पडद्यावरचा बाण वाटेत चहा पिऊन आल्यासारखा सरकायचा. रोज माझ्याबरोबर डबा खाणारा सहकारी दोन दिवस शेजारी बसून माझ्यासोबत खपला. आम्ही अँटिव्हायरस बंद केला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. "बीटाच हाय ना गड्या, त्याले तू तरी काय करशीन?" तो म्हणायचा. परीक्षेच्या सकाळी मी सर्व्हरची मेमरी कुठे जाते ते पाहिलं, तर या सहकाऱ्याचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन अर्धी मेमरी अडवून बसलं होतं. "हे काऊन?" मी विचारलं. "साहेबायसमोर माहा डेमो अटकला तं इज्जत जाईन ना! पोरीईले थोडा टाइम वाढवून देजो." ते मशीन बंद करायचा पासवर्ड त्याच्याकडेच होता. सभागृहात त्याचा डेमो झरझर चालला, टाळ्या पडल्या. इकडे पोरी पडद्यावरच्या फिरत्या गोलाकडे बघत राहिल्या आणि बहुतेकींची परीक्षा अर्धीच झाली. मशीन संथ का होतं ते मला त्या सकाळी कळलं. पण ठाऊक असूनही तो दोन दिवस माझ्या शेजारी बसून माझ्याबरोबर कारण कसं शोधू शकला, ते आजही कळलेलं नाही.