आमच्या साडूंची ओळखपरेड

माझ्या थोरल्या साडूंसाठी या पृथ्वीवर अनोळखी माणूस जन्मालाच आलेला नाही. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. त्या काळात वाशीम जिल्ह्यातला जो कोणी घराबाहेर पडला तो त्यांच्याच हातचं तिकीट घेऊन पडला, अशी त्यांची पक्की समजूत आहे. समोरच्याने जयभीम म्हणायच्या आत हे त्याचं गाव, बापाचं नाव आणि आजीचं दुखणं सांगून मोकळे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्यापुढे आलेला वाढपी पुढे सरकत नाही, कारण त्याच्या तीन पिढ्यांची चौकशी झाल्याशिवाय ते पानात भाजी पडू देत नाहीत. एकदा टीव्हीवर कुठल्याशा परदेशी मंत्र्याचं भाषण चालू होतं. साडूंनी त्याला बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "नाक मालेगावकडचं हाय." मला पाहायला आले तेव्हाही त्यांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. "याची आत्या मह्या गाडीत सुट्ट्या पैशावरून कधी भांडली नाही," एवढ्यावर त्यांनी माझं लग्न पक्कं करून टाकलं.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या स्टँडवर टवाळखोरांचा सुळसुळाट झाला. कॉलेजच्या मुली एसटीतून उतरल्या की नळापाशी मोटारसायकली आडव्या घालायच्या, शिट्ट्या मारायच्या, नको ते बोलायचं. माझी भाची अनसिंगहून बारावीला यायची. तिच्या बापाने निक्षून सांगितलं होतं, पुन्हा असं काही कानावर आलं की कॉलेज बंद. पोरगी हुशार, आणि बाप शब्दाचा पक्का. मी त्याच कॉलेजात कारकून, पण फाटकाबाहेर माझं कोण ऐकतो?

शेवटी पोलीस, नगरपालिका, कॉलेज आणि व्यापारी यांनी मिळून एक सुरक्षा समिती काढली आणि एसटीतला जुना माणूस म्हणून साडूंनाही तीत घेतलं. बैठकीत पोलीस साहेबांनी कॅमेरे सुचवले, प्राचार्यांनी व्याख्यान सुचवलं. मग साडू उठले. "कॅमेऱ्याले चेहरा दिसते, पण तो कोनाचा हाय हे त्याले काय मालूम? मले नळापाशी एक खुर्ची द्या." समितीने हसत हसत खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत हजर. मोटारसायकलवर रेलून केसांतून हात फिरवणाऱ्या एका वीराला त्यांनी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा कंडक्टरी आवाजात हाक मारली, "काबे, तू मंगरूळपीरचा ना? तुही आजी मह्या गाडीत कोंबड्या घेऊन बसत जाय. गुडघा कसा हाय तिचा?" आजीच्या गुडघ्याची जाहीर विचारपूस झाल्यावर कोणालाही शिट्टी वाजवता येत नाही. तो तोंडातल्या तोंडात "बरा हाय" म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. महिनाभरात अर्धी टोळी अशीच पांगली.

उरला तो त्यांचा म्होरक्या, लाल गाडीवाला. त्याला साडू म्हणाले, "तुया आज्याले गाडीत सोन्याचा गोफ सापडला होता. त्यानं तो मह्या हाती आणून देला. सच्चा मानूस!" पोरगा मान खाली घालून बसून राहिला. त्या दिवसापासून त्याने मुलींकडे डोळा वर करून पाहिलं नाही.

घोटाळा एवढाच होता की हे सगळं चूक होतं. त्या पोराचे कागद माझ्या टेबलावरून गेले होते. तो अकोल्याचा, घर नुकतंच इकडे आलेलं. मला आपली हुशारी दाखवायची खोड. मी संध्याकाळी साडूंना सांगून टाकलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत, जेवलेही नाहीत. मग त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, मला ओट्यावर नेऊन सांगितलं की हल्ली असंच होतंय, परवा सख्ख्या पुतण्याला त्यांनी अनसिंगचा मास्तर ठरवला. डॉक्टर म्हणतात, विसर वाढत जाणार.

"चुकीचा मानूस ओळखणारा कायले पाह्यजे समितीले?" म्हणत साडू दुसऱ्या दिवशी घरीच बसले. तिसऱ्या दिवशी स्टँडवर पुन्हा शिट्टी वाजली. चौथ्या दिवशी मेव्हण्याचा फोन आला, की पोरगी उद्यापासून येणार नाही. माझ्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं, असं त्या वेळी फार वाटलं.

त्याच दुपारी मी साडूंकडे बसलो असताना दारात लाल गाडी थांबली. पोरगा आत आला आणि उभ्यानेच म्हणाला, "आबा, मी अकोल्याचा हाय. माहा आजा तुमच्या गाडीत कधी बसला नाही. तो दारू पेत जाय. त्याले कोनीच सच्चा म्हटलं नाही कधी." आणि दाराकडे वळत म्हणाला, "चला, खुर्ची रिकामी हाय."

साडूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि इस्त्रीचा शर्ट मागितला.

भाचीच्या बापाला मी स्वतः स्टँडवर आणून ती खुर्ची दाखवली, तेव्हा पोरगी परत आली. आता ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साडू आता कोणाला हाक मारत नाहीत. लोकच खुर्चीपाशी थांबतात आणि आपण होऊन सांगतात, "आबा, मी अनसिंगची," "आबा, मालेगावचा." साडू ऐटीत म्हणतात, "मले मालूम हाय!" हे कोणी ठरवलं, कोणी कोणाला शिकवलं, मला माहीत नाही. पण ते पाहिलं की या गावावर माझा जीव जडतो.

परवा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहत राहिले. मी चहा त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी विचारायच्या आत माझं गाव सांगितलं.