न तपासलेली गाठ

कॉलेजच्या उपग्रह बनवणाऱ्या टीममध्ये तिला सगळे ‘गाठवाली’ म्हणायचे. आली होती प्रोग्रॅम लिहायला, पण ती जागा तिघांनी आधीच अडवलेली. कॅप्टनने तिची बारीक बोटं पाहिली आणि दोऱ्याचं रीळ हातात दिलं. घरी आईने विचारलं, “उपग्रहात तुझं काय काम?” तर म्हणाली, “गाठ मारते.” आईला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. उपग्रह म्हणजे चहाच्या डब्याएवढा ठोकळा. त्याची अँटेना मोजपट्टीच्या पोलादी फितीची. ती दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने बांधायची. वर गेल्यावर एक इवलीशी तार तापणार, दोरा वितळणार आणि अँटेना उघडणार. गाठ रॉकेटच्या धक्क्यांनीच सुटली, तर रॉकेटमधल्या ज्या पेटीतून उपग्रह बाहेर सोडायचा, तिच्यातच अँटेना उघडून तो अडकणार. दोरा वितळलाच नाही, तर तीन वर्षांची मेहनत कायमची मुकी. आणि खरी मेख पुढेच होती. दोरा वितळतो का हे बघायचं, तर चाचणीत गाठ जाळावीच लागायची. तपासलेली गाठ वर जाणार नव्हती आणि वर जाणारी तपासता येणार नव्हती.

थरथरणाऱ्या टेबलावरच्या चाचणीत सदतिसावी गाठ सुटली आणि अँटेना ताडकन कॅप्टनच्या चष्म्यावर बसली.

“गोंदाने चिकटव आणि मोकळी हो!” तो कडाडला.

“गोंद लावला तर थंडीत दोरा वितळणार नाही.”

“मग काय करणार आहेस?”

“सुटणार नाही अशी बांधणार.”

बोलून बसली खरी, पण कशी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिचे वडील सोफे शिवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्यांच्या दुकानात, खुर्च्यांच्या सांगाड्यांमध्ये बसून गाठीवर गाठ मारत होती, पुटपुटत होती. वडिलांनी दोरा बोटांत धरून पाहिला.

“गाठीला कशाला शिव्या घालतेस? नायलॉन आहे हे. आज ताणून बांधलंस की दोन दिवसांत अंग टाकतं. आधीच वजन लावून टांगून ठेव. काय ढिलं पडायचंय ते पडू दे, मग बांध.”

“बाबा, हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू इंजिनिअर होणार. मला वाटलं, तिथे शिकवत असतील.”

तिने दोरे वजन लावून दोन दिवस टांगले. मग ओळीने बारा चाचण्या झाल्या: थरथराट, थंडी, हवा काढून घेतलेली पेटी. बाराही गाठी टिकल्या, बाराही वेळेवर जळल्या. कॅप्टनने चष्मा खिशात ठेवूनच त्या पाहिल्या.

उपग्रह सोपवायच्या दिवशी रॉकेटवाल्यांचा अधिकारी पेटी घेऊन सकाळीच हजर झाला. अकराला झाकण बंद व्हायचं होतं. दहा वाजता तिने गाठ बांधली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र भिंगातून बघत राहिली. दोऱ्याचे चार वेढे होते. तीन तारेवर चपखल बसलेले, चौथा केसभर बाजूला. बहुतेक जळला असता. बहुतेक! त्या शब्दाचाच तिला संताप आला. तिने कात्री उचलली आणि गाठ कापली.

“डोकं फिरलंय का तुझं?” कॅप्टन ओरडला. “ताणलेला दोरा एकच उरलाय!”

“एकच लागतो. उजेडातून बाजूला हो.”

तिने अँटेना पुन्हा दुमडली. पहिला वेढा, दुसरा. तिसराही बसला. भीती वाटत होती, खूप वाटत होती. दोरा चिमटीत तसाच धरून ती थांबली, भिंगातून तिन्ही वेढे पुन्हा एकदा पाहिले. मग चौथा वेढा घेतला. अकराला सात मिनिटं कमी असताना तिने उरलेलं टोक कापलं.

अधिकाऱ्याने फॉर्म काढला. “ही गाठ तपासलीय?”

कॅप्टन छताकडे बघू लागला.

“नाही,” ती म्हणाली. “तपासलेल्या सगळ्या जळाल्या.”

“मग हिची खात्री कशी देता तुम्ही?”

“हिच्या आधीची कापली ना, तुमच्यासमोर.”

अधिकाऱ्याने भिंग मागून घेतलं, चारही वेढे सावकाश पाहिले आणि पेटीचं झाकण लावलं.