सातासमुद्रापलीकडची हजेरी

आमच्या मोठ्या बाईंना खुर्चीत बसलेलं पाहिलंय, असा माणूस अख्ख्या अलिबाग तालुक्यात शोधून सापडायचा नाही. किहीमच्या पुढे नारळाच्या वाड्या संपून कोळीवाडा सुरू होतो, तिथे आमची जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. शिक्षक दोनच. मुख्याध्यापिका म्हणून मोठ्या बाई, आणि उरलेला सगळा स्टाफ म्हणून मी. मुख्याध्यापकांसाठी आलेल्या फिरत्या खुर्चीवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं निघालं नव्हतं. फिरायचं काम बाई स्वतःच करत, खुर्ची आपली एका जागी. चहा उभ्याने, हजेरी चालता चालता, आणि जेवण म्हणजे एका हातात डब्याचं झाकण धरून व्हरांड्यात येरझाऱ्या. त्यांची स्कूटी थांबायच्या आधी बोलणं सुरू होई, त्यामुळे दिवसाचं पहिलं वाक्य अर्धंअधिक फाटकाबाहेरच्या कुत्र्यांनाच ऐकू जाई. मी पडलो साताऱ्याकडचा, जेवणानंतर अंमळ टेकणारा माणूस. मी टेकलो की खिडकीतून आवाज येई, "बसलात का, सर? बसा, बसा. मी तेवढ्यात कुंपणाची तार ओढून घेते." यानंतर बसून राहायची कुणाची छाती आहे?

या सगळ्या धावपळीमागे एक भीती होती, आणि ती बाईंनी कधी लपवली नाही. आमचा पट घसरत चालला होता. गावात होमस्टे झाले, मुंबईकरांचे बंगले झाले, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला आणि रोज सकाळी एक पिवळी व्हॅन येऊन आमच्या हक्काची पोरं टाय लावून इंग्रजी शाळेत नेऊ लागली. पट आणखी खाली आला की शाळा बंद करायची आणि उरलेली मुलं हायवेवरच्या मोठ्या शाळेत पाठवायची, अशी एक फाईल तालुक्याला हिंडत होती. बाईंचे वडील पालीकडच्या एका खेड्यात शाळेच्या पडवीत बसून शिकले. वर्गात बसायची त्यांना मनाई होती, म्हणून दारातून जेवढं ऐकू येईल तेवढ्यावर त्यांनी बाराखडी गिरवली. पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, सरकारी नोकरी धरली आणि सगळ्या मुलींना शिकवलं. "ज्या दारातून माझ्या बापाला आत घेतलं नाही ना सर, तसल्या एकाही दाराला टाळं लागलेलं मी बघणार नाही. मी असेतो तरी नाही," असं बाई म्हणत. हे एवढं वाक्य बोलताना मात्र त्या एका जागी उभ्या राहत.

अशात मुख्याध्यापकांच्या एका बैठकीत कुणीतरी परिपत्रक वाचून दाखवलं. परदेशातल्या एखाद्या प्राथमिक शाळेशी मैत्री जोडायची आणि मुलांना जागतिक नागरिकत्व शिकवायचं. दुपारची वेळ, पंखे बंद, निम्मी सभा पेंगत होती. इच्छुकांनी उभं राहावं असं साहेब म्हणाले, तर बाई आधीपासूनच उभ्या होत्या. लॉटरी लागल्यासारख्या त्या परत आल्या. "सर, आता बघते कोण शाळा बंद करतं ते! परदेशाशी संबंध असलेली शाळा बंद करायची म्हणजे दिल्लीला विचारावं लागेल." दिल्लीला आमची शाळा कशाने दिसणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण बाई तोवर नळाच्या टाकीवर चढल्या होत्या, कारण मोबाईलची रेंज तिथेच येते.

आमच्या वाट्याला स्कॉटलंडच्या एका बेटावरची शाळा आली. तिथेही कोळीच, म्हणजे मासे धरणारे लोक. बाईंनी दुसऱ्याच दिवशी सगळी पोरं किनाऱ्यावर नेली आणि समुद्राकडे हात करून सांगितलं, "तिकडे आपली मैत्रीशाळा आहे." जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर करून खात्री केली आणि म्हणाला, "बाई, तिकडं त खांदेरी हाय." बाई म्हणाल्या, "खांदेरीच्या किल्ल्याच्याही पुढे, आजोबा." म्हातारा म्हणाला, "पुढं व्हय? पुढं मी गेलो न्हाय," आणि परत जाळ्याला लागला. मग वर्गात येऊन बाईंनी पोरांकडून 'मी जगाचा नागरिक आहे' हे वाक्य घोकून घेतलं. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. कोळीवाड्यातल्या झाडून सगळ्या आया आधारकार्ड, रेशनकार्ड आणि स्वतःचे दोन-दोन फोटो घेऊन शाळेच्या दारात हजर. पोरांचं नवीन कार्ड निघतंय आणि उशीर केला तर नाव राहून जाईल, अशी गावभर बोंब झाली होती. "बाई, या कार्डावर तेल मिलंल का?" असं एकीने विचारलं. मला हसू आवरेना, पण बाईंनी ओट्यावर उभं राहून शांतपणे समजावलं. "कार्ड नाही मिळत. तिकडच्या पोरांच्या बोटींवर वादळ आलं तर इकडे आपल्या जिवाला घोर लागायचा, एवढंच मिळतं." बायकांनी कार्डं परत पिशवीत घातली. मग एक म्हणाली, "बरं, फोटो तरी ठेवा. आनलेत त." बाईंनी ते सगळे फोटो भिंतीवरच्या जगाच्या नकाशाभोवती चिकटवले. आमच्या नकाशात तेव्हापासून पृथ्वीला कोळणींनी गराडा घातलेला आहे.

पहिल्या व्हिडिओ कॉलसाठी बाईंनी पंधरवडाभर आमचा जीव खाल्ला. लेझीम, स्वागतगीत, पोरींना नऊवारी, पोरांना टोप्या. बोंबील वाळत घालायचा एक बांबू आणून त्याला मोबाईल बांधला आणि तो खिडकीतून टाकीच्या दिशेने बाहेर काढला, म्हणजे रेंजही मिळेल आणि वर्गही दिसेल. पलीकडे मात्र गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घातलेली, केस विस्कटलेली सात-आठ पोरं. कोंबड्यांना दाणे टाकून तशीच आत आलेली. त्यांच्या बाई, मोरागबाई, आमच्या बाईंच्याच वयाच्या आणि, देवा रे, त्याच जातकुळीच्या! त्या लॅपटॉप हातात घेऊन वर्गभर हिंडत होत्या. आमच्या बाईंनाही राहवेना, म्हणून त्यांनी बांबू सोडवून हातात घेतला. परिणामी पहिली दहा मिनिटं आम्ही त्यांचं छत पाहिलं आणि त्यांनी आमची कौलं. लेझीम वाया गेलं. दोन्हीकडची पोरं गप्प. शेवटी आमच्या सानिकाने खिडकीबाहेरून मासळीची पाटी घेऊन चाललेल्या आपल्या आईच्या पाटीतला एक बांगडा उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडे एकच ओरडा झाला. कॅलम नावाचा पोरगा पळत बाहेर गेला आणि धापा टाकत येऊन त्याने त्यांच्याकडचा बांगडा दाखवला. "बांगडा! बांगडा!" आमची पोरं बाकांवर चढली. सानिकाच्या आईने खिडकीतून डोकं आत घालून निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "जरा लांबोडा हाय, पन बांगडाच." त्या दिवशी मैत्री पक्की झाली. नऊवारीकडे शेवटपर्यंत कुणी पाहिलं नाही, याचं दुःख बाईंना दिवाळीपर्यंत पुरलं.

कॉल संपताना तिकडची पोरं "बाय" म्हणाली आणि आमची सवयीने "येतो" म्हणाली. मोरागबाईंनी अर्थ विचारला. बाईंचं इंग्रजी त्यांच्यासारखंच धावतं. वाक्यातले निम्मे शब्द मागे राहून जात. पण हे त्यांनी नीट सांगितलं. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. बोटीवर निघालेला माणूस तर नाहीच म्हणत. घरातून पाऊल बाहेर टाकतानाच परत येण्याचं बोलून टाकायचं. मोरागबाईंनी तो शब्द हळूच म्हणून पाहिला. त्यांच्याही बेटावर समुद्राने माणसं ठेवून घेतलेली असणारच. पुढच्या कॉलपासून ती चिखलाच्या बुटांतली पोरं निरोप घेताना "येतो" म्हणू लागली, आणि तेही असं ठासून, की आमच्यातले काही आळशी उच्चार त्यांच्यामुळे सुधारले.

मग बाईंनी हजेरीत त्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. सरकारी हजेरीपत्रकात नव्हे हो, नुसती तोंडाने. तरी मी घाबरलो. म्हटलं, "बाई, पट फुगवला म्हणून चौकशी लागेल." बाई म्हणाल्या, "लागू दे. चौकशीला तरी कुणी येईल इथवर!" आमच्या एकेका मुलाला तिकडचा एकेक जोडीदार वाटून दिलेला, आणि जोडीदाराची खबर त्याने द्यायची. कॅलम, असं बाई पुकारत, आणि सानिका उभी राहून सांगे, "हजर बाई, पण त्याला सर्दी हाय." एका मुलीचं नाव आयला होतं. ते बाईंनी पहिल्यांदा पुकारलं तेव्हा वर्ग अर्धा तास हसत होता. पण महिन्याभरात त्या नावाला कुणी हसेनासं झालं. घरी चुलीपाशी आमची पोरं तिकडच्या बर्फाची काळजी करायला लागली होती. अभ्यासक्रमात याला मोठं नाव आहे, मी त्यावर अहवालही लिहिला. पण ते शिकवलं कसं, हे मला अजून सांगता यायचं नाही. बाई नुसत्या नावं पुकारत हिंडायच्या.

ऑक्टोबर अखेरीला बाईंनी केंद्रप्रमुखांना मुद्दाम बोलावलं. साहेबांनी हा सोहळा डोळ्यांनी बघावा आणि फाईलवर चार बरे शब्द लिहावेत, असा बेत. दीडची वेळ. साहेब आले, पोहे खाल्ले, समोरचा पडदा काळाच. पावणेदोन, दोन. पोरांनी लेझीम दोनदा करून दाखवलं. बाई टाकी, वर्ग, टाकी अशा पळत होत्या. साहेब कंटाळून निघून गेले, आणि त्यांची गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होते न होते तोच अडीचला मोरागबाई हसत हसत पडद्यावर हजर! थंडी आली की त्यांच्याकडे सरकारच घड्याळं तासभर मागे घेतं, असं कळलं. बाईंचा संताप अनावर झाला. "बघा सर! यांनी काळ मागे घेतला आणि आपल्याला साधं कळवलं नाही!" एवढं बोलून त्या साहेबांच्या गाडीमागे स्कूटी घेऊन सुटल्या. साहेब काही सापडले नाहीत.

आणि मग मार्चमधला तो कॉल. मोरागबाई त्या दिवशी हिंडत नव्हत्या. एका जागी बसून त्यांनी सांगितलं की त्यांची शाळा जूनअखेर बंद होणार. पोरं उरली नाहीत बेटावर. आहेत ती बोटीने पलीकडच्या मोठ्या शाळेत जातील. सांगता सांगता त्या ओशाळं हसल्या आणि म्हणाल्या, मी आमच्या लोकांना सांगितलं होतं, भारतातल्या शाळेशी नातं असलेली शाळा कुणी बंद करणार नाही. मला वाटलं होतं तुम्ही आम्हाला वाचवाल.

आमच्या बाई पहिलीच्या बुटक्या बाकड्यावर बसल्या.

मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेवढंच. सुरुवातीला मी म्हटलं ना, असा माणूस सापडायचा नाही, तर तो मी आहे. आणि मला ते पाहायला नको होतं. गुडघे वर आलेले, पदर जमिनीवर लोळतोय, आणि मोबाईल मांडीवर उताणा, म्हणजे मोरागबाईंना पुन्हा आमची कौलंच दिसत असणार. बाई मराठीतच म्हणाल्या, "अहो, मीही तुमच्याच भरवशावर होते." मी भाषांतर केलं नाही. मोरागबाईंनी मान हलवली, त्यांना बहुतेक कळलं. मग बाई उठल्या, पदर झटकला, आणि कुणीतरी नळ उघडा ठेवलाय म्हणून ओरडत बाहेर गेल्या.

जूनअखेरचा शेवटचा कॉल झाला. मागच्या भिंतीवरची चित्रं काढलेली, त्यांच्या जागी चौकोनी डाग. पोरं ओळीने उभी राहिली आणि सगळी एकदम म्हणाली, "येतो." पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना आपली नावं संपली आणि बाईंची पावलं थबकली. मला वाटलं, आता हे थांबवतील. पण त्यांनी पुकारलं, "कॅलम." सानिका उभी राहिली. मग ती म्हणाली, "येतोय, बाई." आयलाची जोडीदारीण म्हणाली, "येतेय, बाई." एकेक करून सगळी तेच म्हणाली. कोळीवाड्यात बोटीची वाट बघणाऱ्या घरात कुणी विचारलं तर हेच उत्तर देतात, दुसरं देत नाहीत.

श्रावणात बाई निवृत्त झाल्या. आमची शाळा आहे अजून, फाईलही हिंडतेच आहे. बाई गावोगाव हिंडून पिवळ्या व्हॅनमधली पोरं वळवायच्या मागे असतात, दोन वळवलीसुद्धा. रोज सकाळी शाळा भरली की त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलंच वाक्य, "उघडलीत ना?" मी म्हणतो, "उघडली, बाई." मग फोन बंद. मला त्यांची फार आठवण येते. ते त्यांना सांगायला फोन तेवढा वेळ चालू राहत नाही.

त्या निवृत्त झाल्यावर पहिल्या दिवशी मी खुर्चीवरचं प्लास्टिक काढलं, ऐसपैस बसलो आणि हजेरी घेतली. आमची नावं संपली, मी पेनाला टोपण लावलं. पोरं हलेनात. सानिका तर अर्धवट उठून उभी, माझ्या तोंडाकडे बघत. नावं मला पाठ होती, पण बसल्या बसल्या ती तोंडातून निघेनात. मग मी उठलो, बाई चालायच्या तसा बाकांमधून चालायला लागलो, आणि पहिलं नाव पुकारलं.

"येतोय, सर," सानिका म्हणाली आणि खाली बसली.