हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट

लग्न करून नागपूरहून जर्सी सिटीला आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी ट्रेनने मॅनहॅटनला जायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. एवढ्या उंच बिल्डिंगमध्ये माझ्या ओळखीचं एकही दार नव्हतं. लिफ्टमध्ये लोक हसायचे, पण ते हसू दार उघडेपर्यंतचं. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी बोलायला लागले तर माझाच आवाज मला घोगरा वाटायचा.

कपडे धुवायची मशीन्स तळघरात होती. एका सकाळी तिथे उतरले तर क्रिकेटची कॉमेंट्री चाललेली. टीव्हीवरचा आरडाओरडा नव्हता तो. एक माणूस सावकाश, मधे थांबत, ढगांबद्दल आणि ऑफस्पिनरबद्दल सारख्याच जिव्हाळ्याने बोलत होता. ड्रायरवर फोन उभा करून एक गोरी म्हातारी चादरींच्या घड्या घालत होती.

"इंग्लंडची कौंटी मॅच?" मी विचारलं.

तिने वळून पाहिलं. "तुला कळतं यातलं?"

"माझे बाबा नागपुरात क्लबच्या मॅचेसना अंपायर असायचे."

"मग ही चादर धर," ती म्हणाली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

ती इंग्लंडच्या उत्तरेतली. नवरा गेल्यावर मुलाने तिला इकडे आणलं होतं. मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. तिला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी 'मावशी' म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "आईची बहीण? चालेल. मला बहीण नव्हती."

मावशींचा नवरा हिवाळ्यात फुटबॉल खेळायचा आणि उन्हाळ्यात कौंटीकडून क्रिकेट. तेव्हा असे बरेच जण होते. दोन्हीकडे बेताचाच पगार. मॅचच्या दिवशी तो बूट पिशवीत घालून प्रेक्षकांच्याच साध्या बसमधून मैदानावर जायचा, आणि ज्यांनी जाताना पाठ थोपटली तेच हरल्यावर परतीच्या बसमध्ये शिव्या द्यायचे. क्रिकेटमध्ये तर आणखी मजा. हौशी खेळाडू म्हणजे साहेब लोक. त्यांची कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात उतरायचं फाटकही वेगळं. हा पैसे घेऊन खेळणारा, म्हणून याने बाजूच्या फाटकातून यायचं.

"कप्तान साहेब होता, त्याला बॅटिंग येत नव्हती," मावशी सांगायच्या. "पण आवाज फार छान. टॉस जिंकायला तेवढं पुरतं."

त्या हसायच्या तेव्हा मीही मोठ्याने हसायचे. महिन्याभरात आमचं ठरूनच गेलं. कपडे असोत नसोत, मी खाली जायचे. इथे सकाळ म्हणजे तिकडे चहाच्या आधीचा खेळ.

एकदा मी म्हटलं, "मावशी, वर माझ्या घरी बसून ऐकू या ना. किंवा तुमच्याकडे."

"माझ्याकडे नको. मुलगा घरून काम करतो आज. त्याला खेळाचा आवाज सहन होत नाही."

मग त्यांनी सांगितलं. नवरा बचावफळीत मधोमध खेळायचा, येईल तो बॉल डोक्याने परतवायचा. तेव्हाचा बॉल चामड्याचा, पावसात भिजला की दगडासारखा. कधी बॉलचं तोंड आवळणारी चामडी नाडी कपाळाला कापायची. वर्षानुवर्षं सराव, सामने, पुन्हा सराव. साठी ओलांडल्यावर त्याला आधी नावं आठवेनात, मग रस्ते. डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, पण त्या टोल्यांचा परिणाम असावा. मुलाने मात्र खात्रीच करून टाकली.

"दुपार झाली की तो पिशवी घेऊन दारात उभा राहायचा. मॅच आहे, बस चुकेल म्हणायचा. मी त्याला स्टॉपवर न्यायची. बस यायची, जायची. दोघं बाकावर बसून राहायचो. एकदा तो अगदी अदबीने मला म्हणाला, 'बाई, आता मला निघायला हवं. बायको वाट बघत असेल.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, बघू दे तिला थोडा वेळ."

फोनवर कोणीतरी बाद झालं होतं, टाळ्या वाजत होत्या. मावशींनी आवाज कमी केला नाही. मी त्यांच्या टोपलीतले मोजे जोडीला लावत बसले.

पुढच्या वसंतात त्या परत गेल्या, एकट्या. मुलगा खूप भांडला. मी पण म्हटलं, "तिथे कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "पण तिथे भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक आहे की मी कोणाची विधवा आहे. इथे मी नुसतीच एक म्हातारी आहे."

काही महिने आम्ही रविवारी फोनवर बोललो. मग फोन उचलला जाईना. एके दिवशी मुलाचाच मेसेज आला. आई झोपेत गेली, अंत्यविधी ऑनलाइन दिसेल, लिंक सोबत आहे.

त्या सकाळी मी आंघोळ करून, पांढरा कुडता घालून लॅपटॉपपुढे बसले. चर्चमध्ये मोजकी माणसं. कॅमेरा मागे कुठेतरी, सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. शेवटी काठ्या टेकत दोन म्हातारे पुढे गेले. एकाने गळ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा मफलर काढून शवपेटीवर ठेवला. तो मावशींच्या नवऱ्याच्या फुटबॉल क्लबचा असणार, कारण मुलगा ताडकन उठला. मला वाटलं, आता तो मफलर फेकून देतो. त्याने वाकून त्याची मुडपलेली कड सरळ केली. मग म्हाताऱ्याचा हात धरून त्याला जागेवर नेऊन बसवलं.

गाणं सुरू झालं तसे सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले. मला ते गाणं येत नव्हतं आणि आपल्याकडे अशा वेळी काय म्हणतात तेही आठवेना. स्क्रीन काळी झाल्यावरही मी बराच वेळ तशीच उभी होते, कारण आता बसा असं सांगायला तिथे कोणी नव्हतं.