आईनं खुडलेली भाजी

आई फाल्गुनात गेली. तेराव्यानंतर मी वडिलांना गावाहून जालन्याला माझ्या घरी आणलं. येताना त्यांच्या कपड्यांच्या पिशवीसोबत आईचा एक पत्र्याचा डबाही उचलला. त्यात तिनं हिवाळ्यात खुडून वाळवलेली हरभऱ्याची भाजी होती. मी एकुलती एक, त्यामुळे डब्यावर हक्क सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

आमच्याकडे हरभरा फुलावर येण्याआधी त्याचे कोवळे शेंडे खुडतात. ओली भाजी दोन-चार दिवस पुरते, बाकीची सावलीत वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. उन्हाळ्यात आमच्या भागात हिरवं पान औषधालाही सापडत नाही. सकाळी पानांवरचं दहिवर उडालं की आई शेतात जायची, ओटीत शेंडे भरून आणायची आणि जुन्या लुगड्यावर पसरायची. धुवायची मात्र कधीच नाही. हरभऱ्याच्या पानावर आंबटसर खार असतो, त्याला आंब म्हणतात. तीच त्या भाजीची चव. मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरी करते, पिकावर काय काय फवारतात ते मला ठाऊक आहे. धुऊन तरी घेत जा, म्हणून मी दरवर्षी तिच्याशी भांडायचे. ती म्हणायची, "आंब धुऊन टाकल्यावर मंग खायचं काय, गवत?"

डबा मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. ती भाजी करायची नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. केली की संपणार. कामाला निघण्याआधी कधीतरी झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि परत लावायचं, एवढंच.

इकडे वडील जेवत नव्हते. खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता तोडून मी वरणाला फोडणी द्यायचे, कोथिंबिरीच्या वड्या करायचे, शेपू मिळाला तर मुगाची डाळ घालून शेपू. बाजारातल्या कसुरी मेथीच्या पुड्यासुद्धा आणून पाहिल्या. ते अर्धी भाकरी खायचे, "बास झालं माय," म्हणायचे आणि हात धुवायचे. वैशाखात त्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. खाऊ घाला, म्हणाले. असंच चाललं तर पावसाळा निघणार नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मला भीती वाटायची आणि माझ्या भीतीचा नेहमी राग होतो. एके दिवशी भरलेलं ताट तसंच मागे सरलं तेव्हा मी बोलून गेले, "आता आईच्या हातचं मी कुठून आणू?" त्यांनी एकदा वरच्या फळीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली, पण त्या नजरेचा अर्थ तेव्हा लागला नाही.

पुढच्या रविवारी मी डबा खाली काढला. आणखी काही करून पाहायचं उरलंच नव्हतं. चार वेळच्या जेवणाला पुरेल एवढी भाजी होती. त्यातली एक मूठ कागदात बांधून मी कपाटात साडीखाली ठेवली. पहिल्या दिवशीची भाजी सवयीनं चाळणीत घेऊन दोन पाण्यांनी धुतली. मग लसूण आणि वाळलेल्या मिरच्यांची फोडणी, शेंगदाण्याचा कूट, वरून डाळीचं पीठ.

पहिल्याच घासाला वडील थांबले. "धुतली व्हय?"

मी हो म्हणाले. ती बेचव भाजी त्यांनी शेवटच्या पानापर्यंत खाल्ली, ताट भाकरीच्या तुकड्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी मी न धुता केली, तिसऱ्या दिवशीही. दोन दोन भाकरी गेल्या. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "संपली का तिची?"

"संपली," मी म्हणाले.

"बराबर झालं. जाताना सांगून गेल्ती, एवढी खुडलीय तेवढी खाऊन घ्या, वाया घालू नका. मी हो म्हणलो. मंग ती तशीच ठेवून दुसरं कसं गोड लागंल?"

"मग मागितली का नाही तुम्ही?"

"लेकीच्या घरी मागून खायचं नसतं माय."

तीन महिने. मी आईला फळीवर जपत होते आणि तिचा नवरा खाली बसून वाळत होता. याचा बोल कुणाला लावू? मला पाय धरावेसे वाटले, पण आमच्यात तसं करत नाहीत. मी ताट उचललं. ते म्हणाले, "उद्या मेथी कर. खाईन."

आता ते नीट जेवतात. अंग भरलंय, सकाळी चौकापर्यंत चालून येतात. कागदातली मूठ अजून माझ्या कपाटात आहे. ती शिजवली तर मी खोटं बोलले हे त्यांना कळेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला दिलेला शब्द आपण पुरा केला, या समाधानावर तो माणूस जगतोय.