मालनच्या लेकीचा ओठ

मांडवीच्या किनाऱ्याला लागून दाजी खलाशाचं घर होतं. घरात दोन सुना. थोरली बकुळा लग्नाला इतकी वर्षं होऊनही रिकामीच. धाकट्या मालनला वर्षाच्या आत दिवस गेले. सासू सोनूबाई कालवणातली गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, काढून मालनच्या ताटात वाढायची. ते बघताना बकुळाचा घास तोंडात फिरायचा.

मालनला सातवा महिना असताना सूर्यग्रहण लागलं. सासू समुद्रावर अंघोळीला गेलेली. मालन विसरून विळीवर बांगडे कापायला बसली. बकुळा दारातच उभी होती. गरोदर बाईनं ग्रहणात काही कापू नये, हे तिला ठाऊक होतं. 'मालन, ऊठ' एवढंच म्हणायचं होतं. ती गप्प राहिली.

मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, टाळूला भेग, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटलेली. शेजारणी कुजबुजल्या, "वांझेची नजर लागली." बकुळाच्या डोळ्यांपुढून मात्र ती विळी हलेना.

मालन तापानं फणफणलेली, म्हणून तिचा नवरा केरू आणि बकुळाच पोरीला दवाखान्यात घेऊन गेली. बकुळानं धीर करून विचारलं, "गिराणात बांगडे कापले, म्हणून झालं ना ह्ये?"

"कितव्या महिन्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"सातव्या."

"ओठ, टाळू, बोटं तिसऱ्या महिन्यापर्यंत घडून झालेली असतात, बाई. हे सगळं एकत्र आलंय, म्हणजे घडण सुरुवातीलाच बिघडली. कशानं, ते नक्की सांगता येत नाही. कधी रक्तातच असतं. घराण्यात आणखी कोणाला होतं?"

ठाऊक नाही, अशी केरूनं मान हलवली. घरी येऊन त्यानं आईला हेच विचारलं, तशी सोनूबाईनं आधी दार लोटून घेतलं.

"माझं पयलं पोर असंच होतं. दूध नाकातून यायचं. जगलं नाय. मी कोणाला बोललंव नाय."

बकुळाच्या मनावरचं ओझं उतरलं, पण जळणं थांबलं नाही. असलं पोरदेखील मालनलाच मिळालं होतं.

मालनच्या आजारपणात बकुळानं पोरीला मांडीवर उभं धरून बोंडल्यानं थेंब थेंब दूध पाजलं. पोर तगली. तिचं नाव जनी ठेवलं. मालन बरी होऊन तिला पाजायला बसली, तर जनीला ठसका लागला आणि ती बकुळाकडे बघून रडू लागली.

"वयनी, माझी पोर घेतलीस तू."

"घेतली नाय. जगवली."

"माझ्याकडं येत नाय ती. मग काय उरलं मला?"

बकुळाला त्या क्षणी बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

पुढं ओठ शिवायला जनीला आगबोटीनं मुंबईला न्यायचं ठरलं. मालननं बकुळाला येऊ दिलं नाही. दोन महिन्यांनी माघारी आल्या तेव्हा जनी आईच्या खांद्याला घट्ट बिलगलेली. ओठावर बारीक वण, बाकी चेहरा भरलेला. बकुळानं बंदरावर मासळीची टोपली खाली ठेवून हात पुढं केले. जनीनं तोंड फिरवलं.

"बरी दिसते," बकुळा म्हणाली. मग टोपली उचलून ती त्या दोघींच्या पुढं, भराभर घराकडे चालू लागली.